बाटलीतली झोप

तांडा, केळापूर
संक्रांतीनंतरचा बुधवार, १९६३

प्रिय मधू,

चारचौघांत मी तुला रावसाहेब म्हणतो आणि तू मला शेटजी म्हणतोस, पण पत्रात तू मधूच. हे पत्र मी माझ्या हातानं लिहितो आहे. ओळी उताराला लागलेल्या गाडीसारख्या घसरत जातात, मध्येच एखादं अक्षर रस्ता सोडून शेतात शिरतं, तरी हात माझाच आहे. पांढरकवड्याच्या कचेरीत तू साधा कारकून होतास आणि मी कापसाच्या गाड्यांचा ठेका मागायला येऊन व्हरांड्यात बसून राहायचो, तेव्हा रद्दी कागदाच्या पाठीवर तू मला अक्षरं गिरवायला लावलीस. साहेब विचारायचा, हा बंजारा रोज येऊन काय खरडतो? तू म्हणायचास, ‘अर्ज लिहून राह्यला साहेब, लंबा अर्ज आहे.’ तो अर्ज अजून चालूच आहे असं समज.

नवा चष्मा आला. काच एवढी जाड की धनीबाई म्हणते, ‘कंदील नाकावर टांगून फिरून राह्यले.’ त्या काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. परवा मी पाण्याचा तांब्या उचलायला गेलो आणि मूठ हवेतच मिटली. पण दिसतं, मधू, दिसतं! पहिल्यांदा धनीबाईचं तोंड पाहिलं. कितीतरी दिवसांनी. मी म्हटलं, म्हातारी झालीस गं. ती म्हणाली, ‘अन् तुमी काय नवरदेव राह्यले? आरशात पाहा जरा.’ पाहिलं. तिचं बरोबर होतं. मग तिच्या घागऱ्यावरचे आरसे एकेक करून पाहत बसलो. प्रत्येकात मी होतो, चष्मा लावलेला. तिनं मला हाकललं, पण हाकलताना चष्म्याची काच ओढणीनं पुसून दिली.

डोळे जात चालले तेव्हा मी फारसा घाबरलो नव्हतो, हे तुला माहीत आहे. माझा सगळा धंदा कानांवर उभा राहिला. आजोबांच्या लदेणीची, म्हणजे मीठ आणि धान्य लादून गावोगाव जाणाऱ्या बैलांच्या काफिल्याची, शेवटची वर्षं मी पाहिली; पुढचा बैल कुठं वळला ते घंटेवरून समजायचं. पुढं मुकुटबनहून कापसाच्या गाड्या हाकल्या, तेव्हा कोणत्या गाडीच्या आसाला वंगण नाही ते मी गोधडीत पडून सांगायचो. आता दोन ट्रक आहेत, तर ट्रक फाटकात शिरला की ड्रायव्हरनं वाटेत परभारे किती माल वाहिला ते स्प्रिंगा मला सांगतात. आणि व्यापारी खोटं बोलायच्या आधी घसा साफ करतो, हे तर कोणालाही ऐकू यावं. असल्या माणसाला डोळ्यांची काय पडली आहे, असं मी म्हणायचो. मग गेल्या पोळ्याला मी आपल्याच बैलाला बाशिंग बांधायला गेलो आणि ते त्याच्या डोळ्यांवर बांधून बसलो. सारा तांडा हसला. मीही हसलो. पण बैल बिचारा मुकाट उभा राहिला, मान हलवली नाही त्यानं, ते मला लागलं. तुला निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी तू मला मोटारीत घालून यवतमाळच्या इस्पितळात नेलंस.

पद्मजाबाई डॉक्टरांनी काय सुनावलं ते तू ऐकलंच आहेस, पण मला ते पुन्हा सांगायचं आहे. बाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकला आहे, काढता येईल, पण काढल्यावर आठवडाभर उताणं पडावं लागेल, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून. ‘खोकलात, की डोळा गेला. झोपेत तळमळून कूस बदललीत, की डोळा गेला. आता सांगा, झोप कशी लागते?’ मी छाती फुगवून सांगितलं, ‘बाई, झोपेची चिंता कायले करता? दोन पेले घेतले का मेल्यासारखा पडतो.’ त्यांनी विचारलं, ‘आणि उठता कधी?’ मधू, आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. झोप कशी लागते हे सगळे विचारतात. ती मोडते कधी हे कोण विचारतो? मी सांगत गेलो. अर्धी रात्र झाली की टक्क जाग येते. मग बिडी. मग खोकला. मग परत एक पेला, मग पहाटे कुठं डुलकी. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे झोपता कधी, बाबा?’ आणि त्याच पुढं म्हणाल्या, ‘दारू झोप देत नाही, शुद्ध घेते. ती उतरायला लागली की माणसाला उठवून बसवते. त्यावर तुम्ही बिडी ओढता, तिनं उरलीसुरली झोप पळते. साठीनंतर झोप तशीही पातळ होते, आणि तुम्ही ती पातळ झोप दोन्हीकडून ओढून फाडता. हे सुटल्याशिवाय मी सुरी लावणार नाही.’ तू माझा हात दाबलास. मला वाटलं, मला धीर देतो आहेस.

एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही, लाज वाटली म्हणून. आमच्या तांड्यात म्हाताऱ्याला अपरात्री जाग आली तर त्याला कोणी आजार म्हणत नाही. लदेणीच्या वाटेवर जे मेले ते वाटेवरच राहिले. ते अजून बैल घेऊन फिरतात आणि आपल्या वयाला पोचलेल्या माणसाला हाक देतात, असं म्हणतात. मला त्या बैलांच्या घंटा ऐकू यायच्या. आधी लांबून, मग अगदी उशाशी. मी उठायचो, अंगणात पितरांच्या नावानं दारूचा शिंतोडा द्यायचो, उरलेली प्रसाद म्हणून आपण घ्यायचो आणि बिडी पेटवून त्यांना सोबत करत बसायचो. धनीबाई आतून ओरडायची, ‘तुमच्या पितरायले बिडी बी लागते काय? त्यायले म्हणा, आपापली घेऊन या!’ मी तिला म्हणायचो, तुला काय कळते, मी त्यांना शांत करतो आहे. पण मी जितकी पाजावी तितके पितर जास्तच वक्तशीर होत गेले. मला संशय यायला हवा होता. वेळेवर येणारा माणूस दिसला की मी एरवी विचार करतो, याला माझ्याकडून काय पाहिजे.

तू म्हणालास, तांड्यात हे सुटायचं नाही, यवतमाळला माझ्या घरी चल. शोभावहिनींनी देवघराला लागून असलेली खोली दिली. खाट टाकताना मला म्हणाल्या, ‘भाऊजी, इथं बिडी ओढली तरी मी काही म्हणणार नाही. मात्र रोज सकाळी राख तुम्हीच भरायची.’ आंधळ्याला राख भरायला लावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, म्हणजे ऐकली. चार दिवस मी जमिनीवर चाचपडत राख गोळा केली आणि पाचव्या दिवशी बिडीचा कट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चुलीत घातला आणि त्यावर माझ्यासाठी भाकर भाजली. त्या भाकरीला बिडीचा वास होता असं मी तेव्हा म्हटलं होतं. नव्हता. मला त्यांना हसवायचं होतं.

दारूचं मात्र डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, इतक्या वर्षांची एकदम तोडायची नाही, झटके येतील. त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची. आणि सरकारची दारूबंदी! मग तू, निवृत्त शिरस्तेदार, ज्यानं जन्मात कोणापुढं हात पसरला नाही, तो कचेरीत जाऊन माझ्या नावाचा औषधी परवाना काढायला रांगेत उभा राहिलास. मी तुझ्या शेजारीच होतो. तुझ्या हाताखाली शिकलेला कारकून आत कोणालातरी म्हणाला, ‘साहेबायचा दोस्त पाह्यला काय? पेंशनीत बरी सोबत भेटली.’ तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. मी ऐकलं. आणि तू ज्या आवाजात पुढं म्हणालास, ‘अर्जदार माझे स्नेही आहेत,’ तो आवाजही ऐकला. त्याची फेड माझ्याच्यानं या जन्मी व्हायची नाही.

पहिले दिवस वाईट गेले. अंगाला घाम, हातांना कापरं, आणि घंटा तर एवढ्या जवळ आल्या की बैलांचा श्वास गालाला लागावा. तू खाटेशेजारी स्टूल ओढून बसायचास आणि केळापूरच्या जुन्या तहसीलदाराच्या घोड्याची गोष्ट सांगायचास. ती तू इतक्यांदा सांगितलीस की शेवटी घोडा म्हातारा झाला. बाई अधूनमधून येऊन नाडी पाहून जायच्या, माप थोडं थोडं कमी करायच्या. मी त्यांना एकदा घंटांचं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दारू उतरताना काळीज धावतं, ते धावणं कानात वाजतं. तुमचे कान जरा जास्तच चांगले आहेत. मग एका सकाळी मला वाटणाचा आवाज आला, पाट्यावर वरवंटा. मी विचार केला, वहिनी एवढ्या अपरात्री काय वाटत बसल्या? बाहेर चिमण्या ओरडत होत्या. मी म्हटलं, ‘वहिनी, रात्री कोणी आलतं काय?’ त्या म्हणाल्या, ‘कोणी आलं नाही. पण तुम्ही घोरत होता, ते विचारायला आत्ता शेजारचे येऊन गेले.’

मधू, रात्र अख्खी मिळाली होती मला. एका तुकड्यात. रोज तशी मिळते असं नाही. अजूनही पहाटे कधी जाग येते, लघवीला उठतो, पण परत पडलो की परत लागते. उठताना तोंड कडू नसतं, छातीत भाता चालत नाही. पितरांचा मी अपमान करत नाही. होळी-दिवाळीला त्यांचा मान त्यांना मिळेल, गुळाचा. पण मला आता असं वाटतं की ते बिचारे कधीचेच मुक्कामाला पोचले होते. मीच रोज रात्री त्यांना उठवून आणत होतो, एकट्यानं प्यायला बरं वाटत नाही म्हणून.

दिवाळी झाली आणि बाईंनी डोळा काढला, म्हणजे उघडला. आठवडाभर मी वाळूच्या पिशव्यांमध्ये पडून होतो, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. खोकला आला नाही, कूस वळली नाही. पलीकडच्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्याला तिसऱ्या रात्री खोकल्याची उबळ आली आणि त्याचा डोळा वाहून गेला, ते मी ऐकलं. तो ओरडला नाही, फक्त ‘अरे’ म्हणाला. त्या ‘अरे’ला मी अजून विसरलो नाही. तिथं मी असतो, मधू. तुझ्या घरची ती खोली नसती, तर त्या खाटेवर मीच होतो.

त्या आठवड्यात तू मला चमच्यानं पेज भरवलीस आणि रोज दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवलंस. आता माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे, आणि पट्टी बांधलेल्या माणसाला दुसरं कामही नसतं. वाचणाऱ्याचा आवाज ओळीच्या शेवटाला जरा अडतो, मग खाली उतरतो. तुझा अडत नव्हता. पान उलटल्याचा आवाज यायचा, पण बातमीच्या मधोमध यायचा. तू वाचत नव्हतास, सांगत होतास. तुझ्या घरी राहताना मी ऐकलं होतं, सकाळी वहिनी मोठ्यानं वाचायच्या, ‘छपाई फार पुसट येते हल्ली’ म्हणून तू त्यांच्याकडून वाचून घ्यायचास, आणि तेच पाठ करून मला ऐकवायचास. इस्पितळाचा उंबरठा तुझ्या पायाला रोज लागायचा. पेल्यात पाणी ओतताना तुझं बोट पेल्याच्या आत असायचं, पाणी बोटाला लागलं की तू थांबायचास. पाण्याचा आवाज तसाच येतो. मी तो चांगला ओळखतो, मीही दोन वर्षं तसंच ओतलं. आणि घरी असताना माझा घोट दिवसेंदिवस कमी होत गेला, तरी संध्याकाळी बाटलीचं बूच दोनदा निघायचं. एकदा माझ्यासाठी. मग मी पडलो की तुझ्यासाठी. मग अर्ध्या रात्री वरच्या खोलीत काडी ओढल्याचा आवाज, सिगारेट, तुझा तो दाबलेला खोकला, आणि पहाटेपर्यंत येरझारा. माझ्या जागरणात तू स्टूल ओढून बसायचास, तेव्हा तुला झोपेतून उठून यावंच लागत नव्हतं. तू आधीपासून जागाच असायचास.

तेव्हा पद्मजाबाई माझी हजेरी घेत होत्या आणि तू माझा हात दाबलास, तो धीर नुसता मला नव्हता. त्यातला अर्धा तरी तुला हवा होता. पेन्शनीत गेल्यापासून तुझी झोप गेली, तू एक पेला धरलास, त्यानं आलेली झोपही मध्येच मोडायला लागली म्हणून सिगारेट धरलीस. आणि आता डोळ्यांवर पडदा आला तर सांगायचं कोणाला? सांगितलं की बाई तेच विचारणार, झोप कशी लागते. बंजाऱ्यानं घेतली तर ती रीत होते, शिरस्तेदारानं घेतली तर गावभर बोभाटा. म्हणून तू गप्प राहिलास, आणि तरी एका आंधळ्याला घेऊन त्याच बाईंच्या पुढ्यात रोज जात राहिलास. मी चष्मा आणायला गेलो तेव्हा बाईंना विचारलं. नाव सांगितलं नाही, माझा एक दोस्त आहे एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, फार थांबू नका, पिकून फुटला तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुमच्यासारखीच तयारी करा, हळूहळू उतरवा, मी होळीच्या आधी बघते.

हे मी तुझ्या तोंडावर बोललो असतो, तर तू वकिली करून मला खोटं पाडलं असतंस. तू आयुष्यभर कचेरीत वकिलांना ऐकलं आहेस, तुला ते जमतं. म्हणून पत्र लिहिलं. ते आलं की तू पाकीट उलटसुलट करशील आणि वहिनींना म्हणशील, ‘उत्तमचं अक्षर फार गिचमिड आहे, तू वाच बरं.’ वहिनी, हे वाचताना तुमचा आवाज वरच्या ओळींत कुठंतरी अडला असेल, मला माहीत आहे. अडू नका, आणि यांना उठून जाऊ देऊ नका. रागावूही नका. स्वतःला रात्र पुरत नव्हती त्या दिवसांत या माणसानं माझ्या रात्री काढल्या. त्याच्यावर रागवायचं असेल तर ऑपरेशन झाल्यावर रागवा, तेव्हा मी तुमच्या बाजूनं बोलेन. सोमवारी माझा ट्रक कापूस टाकून परत येताना तुमच्या दारात थांबेल. दोघंही बसा आणि तांड्यावर या. पद्मजाबाई पंधरवड्यातून एकदा पांढरकवड्याला येतात, नाडी पाहायला तांड्यावर येईन म्हणाल्या आहेत. इथं शिरस्तेदार कोणाला ठाऊक नाही, अब्रू कोणी मोजत नाही. बूच धनीबाईकडे राहील, तिच्या हातून ते दोनदा निघायचं नाही. आणि वहिनी, एवढी एक ओळ जरा मोठ्यानं वाचा, ते मान खाली घालून बसले असतील: मधू, भिऊ नकोस, पहिल्या रात्री मी जागा राहतो.

तुझाच,
उत्तमसिंग